इंजिनानं नेलं म्हणतात

दादा, तुझ्या चौदाव्याच्या पत्रावळी अजून उकिरड्यावर वाळल्या नव्हत्या, तोवर तुझं इंजिन विकायला निघालं. वरकुट्याचा एक बागायतदार आला, पायताण न काढता इंजिनघरात शिरला, चाकावरनं हात फिरवला आणि आपल्या नानाला म्हणाला, "चालू करून दावा की राव." नानाला कुठलं चालू करता येतंय! धाकट्या भावानं कधी त्या हँडलाला हात लावलाय का? तो म्हणाला, "आमच्यात दुखवटा हाय, आवाज करायचा न्हाय." इतकं सफाईदार खोटं मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

गावात एकच बोलणं आहे. इंजिनानं नेलं मास्तराला. पहिल्यांदा हे वाक्य आबा बोलले, दवाखान्याच्या पायरीवर, आणि बापाचं वाक्य म्हणून गावानं ते उचललं. शेळगावात कुणी दारात टेकायला आलं की चहा हातात घेऊन तेच म्हणतं, आणि मी चूल फुंकत आत बसते, दात खाऊन. कारण मला ठाऊक आहे तुला कशानं नेलं. तुलाही ठाऊक होतं. आणि तू मला गप्प बसायला सांगून गेलास.

आयुष्यात कधी तुझं ऐकलं होतं का रे मी, की हे ऐकेन असं तुला वाटलं?

बारामतीच्या तुझ्या त्या एका खोलीत मी शनिवारी-रविवारी राहायला यायची तेव्हाचं आठव. तू हायस्कुलात इतिहास शिकवायचास आणि उद्याचा धडा आज माझ्यावर घासून घ्यायचास. मी व्हर्नाक्युलर फायनल झालेली, इंदापुरात बिगारीच्या पोरांना अ-आ-ई शिकवणारी बाई. मला सांगताना तुझा आवाज असा चढायचा की मालकीणबाई खालून विचारायच्या, "मास्तर, भांडण हाय का शिकवणी?"

"अनसे, सांग," तू म्हणालास, "वाफेचं इंजिन विलायतेतच का झालं? आपल्याकडं का नाही?"

"त्यांच्याकडं थंडी. शेकायला बसल्या बसल्या सुचलं असंल."

तू हसला नाहीस. धडा डोक्यात असला की तुला चेष्टा कळायचीच नाही. मग तू मला ती खाणीची गोष्ट सांगितलीस. कोळशाच्या खाणी खोल खोल जात चाललेल्या, खाली पाणी लागायचं, घोडी जुंपून उपसलं तरी हटायचं नाही. त्या पाण्यासाठी पहिलं इंजिन झालं. आणि ते इतकं खादाड की दुसऱ्या कुणाच्या दारात ते एक दिवस टिकलं नसतं. पण खाणीच्या तोंडाशी कोळशाचा चुरा मातीमोल पडलेला, खा बाबा किती खातोस ते. तिथं ते जगलं, म्हणून पुढच्यांनी त्याला सुधारलं, म्हणून मग ते सूतगिरणीत गेलं, रुळावर गेलं.

"म्हणजे पाणी काढायलाच," मी म्हणाले. "आपल्या मोटेचंच काम की."

"तेच तर! मोट आपल्याकडं हजार वर्षं आहे. मग आपल्याला का नाही सुचलं?"

"माणसं होती की त्यांच्याकडंही. माणसं लावायची उपसायला."

"तिथं मजूर महाग, अनसे. इथं दोन वेळच्या भाकरीवर माणूस मिळतो. मग यंत्र कोण करत बसतंय?"

तिथं मी तुला धरलं. अजून आठवतं, मी शेंगा फोडत होते, ते सूप बाजूला सारून उठून उभी राहिले. म्हटलं, मग तुझा कोळसा राहू दे बाजूला. ज्याच्या कष्टाला दाम मोजावा लागतो त्याच्या कामाला यंत्र सुचतं. ज्याचे हात फुकट, त्याच्या कामाला कुणाला काही सुचत नाही. आपली आई तांबडं फुटायच्या आधी जात्यावर बसायची. तिच्या हाताला पडलेले घट्टे तू बघितलेस, मी बघितले. आबांनी मोटेच्या बैलांचे खांदे रोज चाचपले. आईचे हात कधी चाचपले का? उद्या आपल्या विहिरीवर इंजिन येईल, बघ. बैलाला वैरण लागते ना! जात्याला काही येणार नाही.

तू पुस्तकाची पानं उलटून बघितलीस. मग म्हणालास, "हे पुस्तकात नाही."

"पुस्तक लिहिणाऱ्यानं कधी दळलंय का?"

दुसऱ्या दिवशी वर्गात तू हे सांगितलंस म्हणे, माझं नाव न घेता. नाव घ्यायला काय झालं होतं, असं मी पुढं कितीदा तरी टोचलं तुला.

तू हार मात्र मानायचा नाहीस. तू म्हणायचास, मजुरी हे एक कारण झालं. आणखी आहेत. त्यांच्या हाती राज्य होतं, आपला कापूस होता, आपल्या कोष्ट्यांचं कापड बाजारातून उठवायला कायदा होता. आणि आपलंही काही होतं. ज्याला लिहिता येतं तो लोखंडाला हात लावत नाही, आणि ज्याच्या हातात लोखंड आहे त्याला कुणी लिहायला शिकवलं नाही. तिथं हे दोघं एका खोलीत बसायला लागले. मी म्हणायची, त्या खोलीत बाई होती का? तू म्हणायचास, विषय बदलू नकोस. मी म्हणायची, हाच तर विषय आहे. मग तू वैतागून म्हणायचास, "थोरला नांगर आठ बैल ओढतात, अनसे. कुठल्या बैलानं ओढला असं विचारायचं नसतं." आणि मी म्हणायची, "विचारत कुणी न्हाय. पण आसूड जवळच्यालाच बसतो."

हा वाद आपला तसाच राहिला. आता मी एकटीच दोन्हीकडनं बोलते आणि दोन्हीकडनं रडू येतं.

पण एक गोष्ट मी तुझी कधी विसरणार नाही. तू हायस्कूल सोडून मळ्यात आलास आणि इंजिन आलं, तेव्हाची. कालव्याचं पाणी आपल्या शिवारात पोचेपर्यंत वरची मंडळी पिऊन मोकळी होतात, वांगी-कांदा जगवायचा तर विहिरीला पर्याय नाही, हे आबांनाही पटलं होतं. तेलावर चालणारं इंजिन बारामतीच्या स्टेशनात उतरलं, दोन बैलगाड्या जोडून शेळगावला आलं. आबांनी त्याला कुंकू लावलं, नारळ फोडला, वर म्हणाले, "बैलांस्नी इसावा मिळंल." बघ, बैलांना! मी तुझ्याकडं बघितलं. तू खाली बघत होतास. आणि सगळे जेवायला गेल्यावर मला म्हणालास, "पुण्याहून दगडाची गिरणी मागवलीय. ह्याच इंजिनावर पट्टा टाकायचा. सकाळी पाणी, दुपारी दळण. आणि गिरणी हौसाची."

हौसा म्हणजे वहिनी. तू तिचं नाव माझ्यासमोर घेतलंस, ते पहिल्यांदाच.

दादा, तेव्हा मी तुझ्या पाया पडायला हवं होतं. मी काय म्हटलं? म्हटलं, "माझं नाव आत्ता तरी घेणार का?" असली मी. माफ कर म्हणत नाही, तुला सवय होती.

आबा बिथरले ते गिरणीवरनं. पाण्याला इंजिन ठीक. पण आपल्या घरची सून गावाचं दळण दळणार? रामोश्यापासून सोनारापर्यंत कुणीही पाटी घेऊन आपल्या मळ्यात येणार आणि ही त्यांच्या पाट्या रिकाम्या करणार? "माझ्या आईनं दुसऱ्याचं दळलं न्हाय, बायकूनं दळलं न्हाय, अन् सुनंनं दळायचं?" तू म्हणालास, "आबा, दळणार यंत्र. ती फक्त कळ फिरवणार." त्यावर आबांनी तुझ्याशी बोलणंच सोडलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. एका ताटाच्या अंतरावर जेवायला बसायचे आणि शकूला सांगायचे, "शके, तुझ्या बापाला सांग, डेऱ्यातलं पाणी संपलंया." चार वर्षांची पोर बापाकडं तोंड करून म्हणायची, "बाप्पा, डेला शंपला." तूही तिलाच सांगायचास, "आबांना सांग, भरतो." वहिनी पदरात तोंड घालून हसायची. मला वहिनीनं हे सांगितलं तेव्हा मीही पोट धरून हसले होते.

गिरणी सुरू झाली त्या दिवशी मी इंदापुरात होते, शाळेत. म्हणून पुढचं वहिनीच्या तोंडून ऐकलेलं. शिमगा नुकताच झालेला. बायका पाट्या घेऊन आल्या, पण लांब, बांधावर बसल्या. पुढं कुणी होईना. तू इंजिनाच्या धुराड्यावर पत्र्याचा डबा बसवला होतास, त्यामुळं 'पुक पुक' आवाज पार ओढ्यापर्यंत जायचा. पहिलं दळण आपल्याच घरचं टाकलं. पीठ गरम गरम पडायला लागलं तशी वहिनीनं मूठभर उचलून गालाला लावलं. बांधावरच्या बायका हसल्या आणि मग सगळ्या उठूनच आल्या.

मग पट्टा निसटला. तू इंजिन बंद न करताच तो चढवायला गेलास. सगळेच करतात तसं. पट्ट्याच्या जोडाचा लोखंडी आकडा तुझ्या दंडात रुतला आणि मांस उचकटून बाहेर आला. वहिनी म्हणते, तू ओरडला नाहीस. ओरडले आबा. ते गंजीवर होते, पाठ फिरवून, न बघायचा हट्ट धरून. पण बघत असणार, नाहीतर कळलं कसं? "दाद्या!" म्हणून ओरडले आणि धोतराचा सोगा सुटला तरी तसेच पळत आले. किती महिन्यांनी पहिल्यांदा तुझं नाव.

तुला खाली बसवलं. गोठ्यात गेले. बैलांच्या खुराखालची बारीक माती, उन्हानं वाळलेली, ती उपरण्यातनं वस्त्रगाळ केली, त्यात हळद कालवली आणि तुझ्या जखमेत बोटानं दाबून भरली. वर पटक्याचं टोक फाडून बांधलं. आपल्याकडं हाच इलाज. आपली ढोपरं फुटली तेव्हा हीच माती, बैलाच्या खांद्याला हीच माती. वहिनी म्हणते, बांधताना आबा तुला रागवत होते आणि डोळ्यांतनं पाणी गळत होतं. "आपल्या मातीनं भरतंया बग. चार दिसांत भरतंया." आणि तू हसत होतास, रक्त गळत असताना.

मी असते तर शाळेतली टिंक्चरची बाटली उपडी केली असती, आबांचा हात धरून बाजूला केला असता, तमाशा केला असता. तू तसलं काही केलं नाहीस. तू भला माणूस ना!

पुढच्या आठवड्यात तुझा जबडा धरला. तू म्हणे म्हणालास, दाढ आली असेल. अक्कलदाढ, ह्या वयात! ट्रकात घालून बारामतीला आणलं, मी इंदापूरहून आले. डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि विचारलं, "जखमेवर काय लावलं होतं?"

आबा दारात उभे होते. तू आवळलेल्या दातांतनं म्हणालास, "काही नाही. पाण्यानं धुतली."

डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले. म्हणाले, हा धनुर्वात आहे. त्याचे जंतू जनावराच्या शेणात असतात, गोठ्याच्या मातीत असतात. आकड्याचं भोक पडलं हे खरं, पण त्यातनं आत गेलं काय? तुम्ही लोक खरं का सांगत नाही? मी काय सांगणार, मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. संध्याकाळी वहिनीला विचारलं, तेव्हा तिनं सगळं सांगितलं आणि माझा हात घट्ट धरला. तिला अजून कळलं नव्हतं ती काय सांगतेय ते.

मी तुझ्याजवळ आले. खोलीत अंधार केलेला, खिडकीला चादर लावलेली, कारण उजेड आला, भांडं वाजलं की तुझं अंग धनुष्यासारखं वाकायचं. मी कानाशी वाकून म्हटलं, "दादा, माती लावली होती ना?" तू डोळे मिटून घेतलेस. मग एक एक शब्द दातांतनं ओढत म्हणालास, "मला ठाऊक होतं गं." थोड्या वेळानं, "पण आबा बोलले ना माझ्याशी." आणि मग, "त्यांना सांगू नको. कधीच." मी मान हलवली. रडत असलेल्या बाईची मान कुठंही हलते दादा, त्यावर तू भरवसा ठेवायला नको होतास.

आबा बाहेर व्हरांड्यात बसून असायचे, पायताणं हातात घेऊन. आवाज होऊ नये म्हणून. इतके महिने बोलले नाहीत आणि आता बोलायचं होतं तर डॉक्टरांनी बोलायला बंदी केली. दाराच्या फटीतनं तुझ्याकडं बघायचे. एकदा मला म्हणाले, "पोरी, त्याला सांग की, आबा हितंच हाय." मी आत येऊन तुला सांगितलं. तू पापण्या हलवल्यास. ते मी बाहेर जाऊन सांगितलं.

पुढचं मी लिहीत नाही.

आता तू ऐक. वरकुट्याचा माणूस चहा पीत ओट्यावर बसलेला. नाना त्याच्याशी बोलतोय. आबा लिंबाखाली, पाठमोरे. वहिनी उंबऱ्याच्या आत उभी, पांढऱ्या कपाळाची, शकूला पुढ्यात धरून. मी पाहत होते वहिनीकडं. तिला भाऊ नाही. माहेर म्हणजे एक आंधळी मावशी. इंजिन गेलं की गिरणीचे दगड उकिरड्याला जाणार आणि ती पुन्हा जात्यावर बसणार, आधी आबांसाठी, मग नानाच्या बायकोसाठी, मग नानाच्या सुनांसाठी. जन्मभर. फुकटच्या हातांना कोण विचारतंय? तू तिला एक जागा करून दिली होतीस, जिथं ती कुणाच्या तोंडाकडं न बघता उभी राहिली असती. आणि आता ती जागा पायताणासकट चहा पिणाऱ्या माणसाच्या गाडीवर चढणार.

मी बाहेर आले आणि म्हटलं, "इंजिन विकायचं नाही."

नाना म्हणाला, "आक्का, तुजं हितं काय? तू माहेरवाशीण. चोळी-बांगडी घे, अन् सुखानं जा."

"तुझ्या चोळीला आग लाव," मी म्हटलं. पाहुण्याच्या हातातली बशी हिंदकळली. एरवी असं काही म्हटलं की तू मला डोळ्यांनी दटावायचास. आता दटावायला कोण होतं?

तेवढ्यात वहिनी उंबरा ओलांडून आली. पुरुष बसलेले असताना. म्हणाली, "आबा, मी चालवते की इंजिन. त्यांनी शिकिवलंय मला. हँडल मारता येतं, तेल घालता येतं."

आबा वळले. त्यांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. म्हणाले, "त्या लोखंडानं माजं पोर खाल्लं. आता तुला बी खाऊ दिऊ व्हय? ही पोर उघडी पाडू?" आणि त्यांचा आवाज फाटला. "न्हाय. माज्या डोळ्यांम्होरनं घालवा त्येला. फुकट न्हेत आसंल तर फुकट द्या."

तेव्हा मला कळलं. म्हातारा वाईट नव्हता रे. मळ्यात, दारात, डोळ्यांसमोर उभा असलेला वैरी त्याला घालवायचा होता, सुनेला वाचवायचं होतं. आणि मी गप्प राहिले तर तो आपल्या मायेनंच तिला जन्मभर जात्याला बांधणार होता.

आणि तुझीही मायाच. आबांना जपण्यासाठी तू मला गप्प केलंस. पण त्या जपण्याची मजुरी कोण भरणार होतं, हे तू विचारलंस का? वहिनी भरणार होती. पुन्हा तीच. तू इतिहास शिकवलास, दादा, आणि शेवटच्या घटकेला सगळ्यांसारखाच वागलास. मला तुझा इतका राग आला त्या क्षणी, की तू समोर असतास तर हात उचलला असता. आणि तू समोर असतास तर किती बरं झालं असतं.

कारणं शोधत गेलं तर कुठं थांबायचं? गिरणी तुझ्या डोक्यात घातली मी. शेंगांचं सूप सारून उभी राहिलेली मी. गिरणी नसती तर पट्टा नव्हता, पट्टा नसता तर आकडा नव्हता. हे सगळं मी स्वतःला सांगून बघितलंय. पण वरकुट्याची गाडी माझ्या अपराधासाठी थांबली नव्हती. ती इंजिनासाठी थांबली होती.

मी म्हटलं, "आबा, जरा गोठ्यात चला."

"काय हाय गोठ्यात?"

"चला तर खरं."

आले. दोन्ही बैल रवंथ करत होते. शाळेत मी पोरांना नखं कापायला सांगते, पाणी उकळून प्या म्हणते, घडाघडा बोलते. आणि बापासमोर मी आधी बैलाची दावण सारखी करत बसले.

"आबा, धनुर्वात लोखंडात नसतो."

"मग कशात आस्तो?"

"मातीत. जनावराच्या शेणात. गोठ्यातल्या मातीत."

आबा वाकले, बैलाच्या खुराखालची चिमूटभर माती घेतली, बोटांत चुरली. "ह्या?"

"व्हय."

"ही म्या जलमभर लावली. तुमच्या ढोपरांस्नी. ह्येंच्या खांद्यांस्नी."

"दर वेळी होत न्हाय, आबा. एखाद्या वेळीच होतं. कुणाला दिसत न्हाय, कुणाला कळत न्हाय. तुमाला कुठनं कळणार?"

आबा खाली बसले. शेणातच. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर उपडे ठेवले आणि बघत बसले. रडले असते तर मी तरी रडले असते. बैलानं मान लांब करून त्यांचा पटका हुंगला, त्यांनी त्याला हातानं बाजूला केलं आणि मग तो हात पुन्हा जागेवर ठेवला. मला वाटलं, मी बाप मारला. खरंच वाटलं. एकाला पोचवून आलो, आता दुसरा.

बाहेरून नानानं हाक मारली, "आबा, पाव्हणं खोळंबल्यात!"

आबा उठले. मी हात द्यायला गेले, तो घेतला नाही. बाहेर आले, पाहुण्याला हात जोडले. "राव, माफी आसावी. इंजिन द्याचं न्हाय."

"आत्ता तर म्हणालासा..."

"आता न्हाय म्हंतो."

नाना चिडला, "अवो पर का?"

"का म्हंजी? न्हाय म्हंजी न्हाय." आणि वहिनीकडं वळले. तिच्याशी सरळ बोलायची त्यांची रीत नाही, सासऱ्याची. पण बोलले. "पोरी, पट्ट्याला हात लावायच्या आदी इंजिन बंद करत जा. कवाबी."

वहिनी मान खाली घालून म्हणाली, "जी."

त्या दुपारी इंजिनघरातनं 'पुक पुक' ऐकू आलं. नाना जेवणाच्या ताटावरनं उठून गेला. जाऊ दे. भूक लागली की येतो.

हे सगळं झालं. तू रागवायचं तर रागाव. मी तुझा शब्द मोडला आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडेन. पण अजून एक सांगायचंय.

आज सकाळी मी निघाले. आबा एस.टी.च्या फाट्यापर्यंत पोचवायला आले, माझी पिशवी स्वतः घेऊन. फाट्यावर बाभळीखाली उभे राहिलो. लांबवर धूळ दिसली, गाडी येत होती. तेव्हा आबा तिकडंच बघत म्हणाले, "एक इचारू का? खरं सांग. त्याला ठावं हुतं का गं? माती लावताना... त्याला कळलं हुतं?"

गाडी जवळ आली होती. माझ्या आयुष्यात मी इतका वेळ कधी कुठल्या प्रश्नावर घालवला नसेल आणि वेळ तर नव्हताच.

"न्हाय, आबा," मी म्हटलं. "त्याला कुठनं कळणार? उलट मला म्हणाला, आबांनी बांधलंय, आता काय होतंय मला."

आबांनी मान हलवली. पिशवी माझ्या हातात दिली. त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी जरा सैल झालं होतं. गाडी सुटेपर्यंत ते तिथंच उभे होते.

हे तू कधी म्हणाला नव्हतास, दादा. पण आता म्हणाला आहेस. वर आबा आले आणि त्यांनी विचारलं, तर फिरायचं नाही.